कुंपणाचे शब्द

आपल्या समीक्षेने कविता वाचली, कथा वाचली, आत्मकथने तर अक्षर न् अक्षर वाचली. पण आपल्या वस्त्यांत मराठी गद्याचा जो प्रकार सर्वांत अधिक माणसांच्या कानांवर पडतो, त्याला समीक्षेने हात लावल्याचे मला फारसे आढळले नाही. हा प्रकार म्हणजे राजकीय भाषण. ज्या घरात एकही पुस्तक नाही त्या घरातही ते पोचते. पूर्वी भोंग्यातून पोचत असे, जयंतीच्या मंचावरून पोचत असे, आता हातातल्या फोनमधून पोचते. त्यावर आपण बोलतो ते इतकेच की वक्ता कोणत्या पक्षाचा होता आणि तो खरे बोलला की खोटे. त्याने वाक्य कसे बांधले, कर्ता कुठे ठेवला, क्रियापद कोणत्या प्रयोगात घातले, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते हे विचारणे हे साहित्याच्या अभ्यासकाचेच काम आहे. खोटे बोलणारा पुढारी केव्हातरी पकडीत येतो. एक अक्षरही खोटे न बोलता काहीही न देणारा पुढारी मात्र सुटतो, कारण त्याची सुटका त्याच्या वाक्यरचनेतच असते.

जॉर्ज लेकॉफ या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९७२ च्या सुमारास विधान सौम्य किंवा संदिग्ध करणाऱ्या शब्दांचा अभ्यास केला आणि त्यांना 'हेज' म्हटले. हेज म्हणजे कुंपण. 'एका अर्थाने', 'साधारणपणे', 'जवळजवळ' असे हे शब्द. लेकॉफला त्यांतले तर्कशास्त्र पाहायचे होते, आणि असे शब्द वापरणे हा त्याच्या लेखी काही गुन्हा नव्हता. तो नाहीच. जग काळेपांढरे नसते तेव्हा 'बहुधा' म्हणणारा माणूस प्रामाणिकच असतो. पण मराठीत कुंपणाविषयी एक म्हण आहे, आणि कुंपणाने शेत खाल्ल्याची ती म्हण लेकॉफच्या तर्कशास्त्रात बसत नाही. आपल्या राजकीय भाषणातील कुंपणाचे शब्द ज्याचे रक्षण करायचे तेच खातात. ते कसे खातात, हा या लेखाचा विषय.

मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते. घरात पदवी घेणारी मी पहिली. माझ्या वर्गातही अशी 'पहिली' मुले पुष्कळ आहेत: मालवणीच्या वस्त्यांतली, मढच्या कोळीवाड्यातली, भाटी-एरंगळकडची. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात मी त्यांना एक काम दिले होते. सभेला जा, वक्त्याचे नाव लिहू नका, पक्ष लिहू नका. त्याच्या प्रत्येक आश्वासनातले क्रियापद लिहा, त्याचा कर्ता कोण ते लिहा, आणि काळ-वेळ सांगितली असेल तर ती लिहा. मुलांना आधी हा व्याकरणाचा रटाळ तास वाटला. वह्या परत आल्या तेव्हा कर्त्याचा रकाना बहुतेक पाने रिकामा होता. क्रियापदांचा रकाना मात्र गच्च भरलेला होता आणि त्यात 'करण्यात येईल' या एकाच क्रियापदाची रांग लागली होती.

मढच्या एका मुलीच्या वहीतले एक वाक्य मला अजून पुरले आहे: 'पूल होणार आहे.' मढ आणि वेसावे यांच्यामध्ये खाडीचे काही मिनिटांचे पाणी आहे. फेरीबोटीने माणूस गप्पा संपायच्या आत पलीकडे उतरतो. तेच रस्त्याने जायचे तर मार्वे-मालाडचा वळसा घालून वीस किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. समुद्र खवळला की बोट बंद, आणि मग कॉलेज, दवाखाना, मासळीचा बाजार सगळेच लांब जाते. या पुलाची चर्चा मढमध्ये अनेक वर्षे आहे, मंजुऱ्यांच्या बातम्याही आल्या. मला इथे पुलापेक्षा 'होणे' या क्रियापदाशी काम आहे. भरती येणार, पाऊस पडणार, पूल होणार: तिन्ही वाक्यांची जात एक. निसर्गात घडणाऱ्या गोष्टीला कर्ता लागत नाही आणि तिच्या उशिराबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही. वक्त्याने 'मी पूल बांधीन' असे म्हटले असते तर तो सापडला असता. 'आम्ही बांधू' म्हटले असते तर निदान पक्ष सापडला असता. 'पूल होणार' म्हटल्यावर कोळणीने जाऊन विचारायचे कुणाला? वाऱ्याला?

याच वह्यांत दुसरीही वाक्ये होती, आणि ती मला जास्त बोलकी वाटली. किनारी रस्त्यासंबंधी बोलताना त्याच वक्त्यांना लांबी पाठ होती, खर्चाचे कोटी पाठ होते, प्रवासातली किती मिनिटे वाचणार तेही पाठ होते. कोळीवाड्याच्या सीमांकनाकडे, बोंबील वाळवायच्या जागेकडे, मालवणीतल्या पाण्याकडे भाषण वळले की आकडे पळून जात आणि 'लवकरच', 'प्राधान्याने', 'सकारात्मक' हे शब्द येत. म्हणजे वक्त्याला नेमके बोलता येत नाही असे नाही. नेमकेपणा ही त्याच्या दृष्टीने एक वस्तू आहे आणि ती कुणाला द्यायची, कुणाला द्यायची नाही, हे ठरलेले आहे. आपल्याकडे पाणी, जमीन, विद्या यांची वाटणी जशी झाली तशीच भाषेतल्या निश्चिततेचीही झाली, असे मी म्हणते.

'सकारात्मक' हा शब्द तर स्वतंत्र टिपणाच्या योग्यतेचा आहे. 'शासन या प्रश्नी सकारात्मक आहे.' हे वाक्य अलीकडे इतके रुळले की त्यात काही विचित्र आहे असे कुणाला वाटत नाही. यात कृती नाही, निर्णय नाही, वचनही नाही. आहे ती एक मनोवस्था. आपण मोर्चा घेऊन पाणी मागायला गेलो आणि समोरच्याने आपल्या मनाची प्रसन्नता आपल्याला दाखवली, असा हा प्रकार.

आणि 'तात्पुरता'. मढ-मार्वे-एरंगळच्या पट्ट्यात चित्रीकरणाच्या तात्पुरत्या सेटसाठी परवानग्या दिल्या गेल्या. त्या आधारावर लोखंडाचे आणि काँक्रीटचे पक्के स्टुडिओ उभे राहिल्याच्या तक्रारी झाल्या आणि २०२३ साली हरित लवादाच्या आदेशानंतर महापालिकेने ते पाडले. तोवर 'तात्पुरते' या शब्दाच्या सावलीत ते व्यवस्थित उभे होते. झोपडीवाल्याच्या वाट्याला आलेला 'तात्पुरता' शब्द इतका सोशिक नसतो. संक्रमण शिबिरात 'तात्पुरते' म्हणून गेलेली माणसे तिथेच म्हातारी होतात, आणि तरी त्यांचे तात्पुरतेपण संपत नाही.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या राजकारणात कुंपणाच्या शब्दांचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०१७ चे आहे. त्या वर्षी १ जूनपासून पुणतांब्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा संप झाला. ११ जूनला मंत्रिगट आणि शेतकऱ्यांची सुकाणू समिती यांची बैठक झाली आणि सरसकट कर्जमाफी तत्त्वतः मान्य झाल्याचे जाहीर झाले, अर्थात निकषांसह. 'सरसकट', 'तत्त्वतः' आणि 'निकष' हे तीन शब्द एका दमात उच्चारण्याचा हा पराक्रम लोकांनी बरोबर ओळखला आणि पुढे कित्येक दिवस त्यांवर विनोद झाले. विनोद करणाऱ्यांना भाषा कळते. सरसकट म्हणजे कुणालाही न वगळता. निकष म्हणजे कुणाला वगळायचे त्याचे माप. आणि तत्त्वतः म्हणजे या दोहोंपैकी आज काहीच नाही. महिना संपण्यापूर्वी योजना जाहीर झाली ती दीड लाखाच्या मर्यादेची आणि अटींची. एकूण आकडा ३४ हजार कोटींचा सांगितला गेला.

या विनोदात आपणही हसलो. पण आपल्या दृष्टीने त्या वाक्यात आणखी एक गोष्ट होती, जिच्याबद्दल विनोददेखील झाला नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला पीककर्ज नाही, आणि ज्याला कर्ज नाही त्याला माफी नाही. मराठवाड्यातला, विदर्भातला भूमिहीन शेतमजूर, ज्यात आपली माणसे पुष्कळ आहेत, तो 'सरसकट'मध्ये नव्हता, 'निकषां'तही नव्हता. निकष लावून गाळायलाही आधी माणूस चाळणीत असावा लागतो. कुंपणाच्या आत कोण, बाहेर कोण, हा वाद शेतवाल्यांचा. ज्याला शेतच नाही तो वाक्याच्याच बाहेर उभा असतो.

शेताकडून झोपडीकडे आलो की हेच काम 'पात्र' हा शब्द करतो. १९९५ च्या निवडणुकीत मुंबईच्या ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली. भाषणाचा विचार केला तर तिच्यात कुंपण नव्हते. आकडा होता, 'मोफत' होते, 'घर' होते. सत्ता आल्यावर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण झाले, बिल्डरने बांधायचे आणि उरलेली जागा विकायची असे सूत्र ठरले, आणि भाषणात नसलेला शब्द कागदावर आला: 'पात्र झोपडीधारक'. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असलेला तो पात्र. पुढे ती तारीख १ जानेवारी २००० झाली, त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर, अशी पायरी आली. प्रत्येक तारखेच्या आगेमागे निवडणुकीची भाषणे होती. घोषणेतली ४० लाख माणसे आणि प्रत्यक्ष घराची किल्ली मिळालेली माणसे यांतले अंतर मुंबईत डोळ्यांनी दिसते, त्यासाठी आकडेवारीची गरज नाही.

पण 'पात्र' हा शब्दच निवडला गेला याचे मला नवल वाटत नाही. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. दान सत्पात्री करावे, कुपात्री करू नये, ही विभागणी धर्मशास्त्राने केली आणि कोण सत्पात्र ते घेणाऱ्याच्या जन्मावरून ठरवले. आज नोकरशाही तोच शब्द वीजबिलाच्या आणि मतदारयादीच्या पुराव्याला लावते, हा फरक मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. तरीसुद्धा शब्दाबरोबर त्याचा जुना वास येतो. 'अपात्र' असा शिक्का बसलेल्या कुटुंबाकडे शेजारी कसे पाहतात ते आमच्या भागात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. कागद कमी पडला, इतकीच गोष्ट असते. पण शब्द म्हणतो की माणूस कमी पडला.

या सर्वांहून आपल्या जिव्हारी लागलेले उदाहरण नामांतराचे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. ठराव ही राजकीय भाषेतली सर्वांत निश्चित गोष्ट. तो झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या, पोचिराम कांबळेंसारखी माणसे मारली गेली. त्यानंतर ठरावाची अंमलबजावणी थांबली ती साडेपंधरा वर्षे. ही साडेपंधरा वर्षे सत्तेने कशावर काढली? 'योग्य वेळ' आणि 'सर्वांना विश्वासात घेऊन' या दोन शब्दप्रयोगांवर. यांतला दुसरा अधिक तपासण्यासारखा. सर्वांना म्हणजे कुणाला? ज्यांची घरे जळली ते तर विश्वास ठेवूनच बसले होते. उरले ते ज्यांनी जाळली. म्हणजे 'सर्व' या अतिशय उदार शब्दाने घर जाळणाऱ्याला ठरावावर नकाराधिकार दिला, आणि तो दिल्याचे वाक्यात कुठेही उमटले नाही.

१९७९ चा लाँग मार्च झाला, तुरुंग भरले, नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. मागितले होते नामांतर, मिळाला नामविस्तार. दर वर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जी गर्दी कपाळ टेकते तिचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. ते नाव रक्ताने मिळाले आहे. मात्र भाषेचा विद्यार्थी म्हणून पाहिले तर 'नामविस्तार' हा शब्द म्हणजे अत्यंत कसबाने घातलेले कुंपण आहे. आपल्याला तो म्हणतो, नाव दिले. विरोधकांना म्हणतो, नाव बदलले नाही. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दोन्ही दोन वेगळ्या सभांत बोलता येतात.

इथे मला एक आक्षेप विचारात घ्यायचा आहे, कारण तो आमच्या स्टाफरूममध्ये माझ्यासमोर ठेवला गेला. सहकारी म्हणाले, बाई, कुंपणाचे शब्द फक्त पुढारी वापरतो का? गरीब माणूस तर प्रत्येक वाक्याला कुंपण घालतो. हे खरे आहे. माझी आई लोकांच्या घरी धुणीभांडी करी. रेशनच्या दुकानात, शाळेत, मालकिणीपुढे तिचे प्रत्येक मागणे 'जमलं तर बघा' ने सुरू होई. उचल मागायची असो की माझ्या फीची मुदत, आधी 'जमलं तर'. रॉबिन लेकॉफ यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात स्त्रियांच्या बोलण्यातले असेच शब्द टिपले आणि त्यांचा संबंध समाजाने स्त्रीला दिलेल्या स्थानाशी जोडला. आपल्याकडे या स्थानाला बाईपणाबरोबर जातही आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांना हात जोडून जोहार घातल्याशिवाय बोलता येत नव्हते, त्यांच्या तोंडून थेट वाक्य निघायला दोन-तीन पिढ्या जातात. दलित आत्मकथनांनी मराठीला जे दिले त्यात हे थेट वाक्यही आहे, आणि त्याची नोंद जेवढी व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

म्हणजे 'जमलं तर' हे शब्द खालूनही येतात आणि वरूनही येतात. माझ्या आईच्या तोंडी त्यांचा अर्थ असा होता की तुम्ही नाही म्हटले तरी मी उद्या कामाला येईन, माझ्यावर राग धरू नका. पुढाऱ्याच्या तोंडी त्यांचा अर्थ असा की मी केले नाही तरी तुम्ही उद्या मत द्याल, माझ्यावर राग धरू नका. शब्द एकच, पण पहिल्याची किंमत बोलणाराच भरतो आणि दुसऱ्याची ऐकणारा. सहकाऱ्यांच्या आक्षेपाला माझे उत्तर एवढेच आहे. सत्तेचा हिशेब बाजूला ठेवून नुसत्या शब्दांची यादी केली की हे दोन्ही एकाच रकान्यात पडतात, आणि मग आपण भाषेच्या नावाखाली काहीच तपासलेले नसते.

मग कुंपण नसलेले भाषण हवे का? तेही नाही. १९९५ चे 'मोफत घर' कुंपणाशिवायच होते. छातीवर हात मारून सगळे देऊन टाकणारा वक्ता आणि 'प्रयत्न करू' म्हणणारा वक्ता यांत पहिला अनेकदा जास्त घातक असतो. अट घालणे चुकीचे नाही; अट कोणती, ती कोण ठरवणार, आणि ती पुरी झाली की नाही हे कोण पाहणार, एवढे सांगितले पाहिजे. ही कसोटी माझी नाही. संविधान सभेतील बाबासाहेबांची भाषणे मुलांबरोबर वाचताना ती हाताला लागली.

१७ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर बोलताना बाबासाहेबांनी त्यातली एक उणीव दाखवली. ठरावात हक्क सांगितले आहेत, पण त्यांवरचा उपाय सांगितलेला नाही. आणि उपाय नसेल तर हक्काला अर्थ नाही. शिवाय हे हक्क कायदा आणि नीतिमत्ता यांच्या अधीन ठेवले आहेत, आणि कायदा काय, नीतिमत्ता काय, हे त्या त्या वेळचे सरकारच ठरवणार, असे त्यांनी दाखवून दिले. ही शुद्ध समीक्षा आहे. भव्य ठरावातले एक कुंपण त्यांनी बोटाने दाखवले आणि त्याची किल्ली कुणाच्या खिशात आहे तेही सांगितले. दोन वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना मात्र मूलभूत हक्कांना अपवाद असावेत याचे समर्थन त्यांनीच केले. वरवर वाचणाऱ्याला ही विसंगती वाटेल. अमेरिकेत हक्क निरपवाद लिहिले आणि अपवाद न्यायालयांना शोधावे लागले, आपण ते घटनेतच लिहून ठेवत आहोत, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे मर्यादा असावी, पण ती लिहिलेली असावी. आणि ज्या एका गोष्टीला मर्यादाच नको त्या अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या सतराव्या अनुच्छेदात 'अधीन राहून' नाही, 'वाजवी' नाही, 'शक्यतो' नाही. संविधानात इतकी उघडी वाक्ये फार नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग १९ नोव्हेंबर १९४८ चा. मार्गदर्शक तत्त्वांच्या मसुद्यात राज्य अमुक करण्यासाठी झटेल, प्रयत्नशील राहील, अशी भाषा होती. नझिरुद्दीन अहमद यांनी हा 'प्रयत्न' वगळावा अशी दुरुस्ती आणली. आज आपल्याला ती दुरुस्तीच पुरोगामी वाटेल. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. परिस्थिती प्रतिकूल असली, तिजोरी रिकामी असली, तरीही सरकारने झटत राहिलेच पाहिजे, म्हणून हा शब्द आहे, असे त्यांनी सांगितले. नाहीतर कोणतेही सरकार परिस्थितीकडे बोट दाखवून प्रयत्नसुद्धा करायचे नाकारील. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थांबून पुन्हा वाचले. आपल्या पुढाऱ्याचा 'प्रयत्न' हा फळ न आल्यास दाखवायचा दाखला असतो. बाबासाहेबांचा 'प्रयत्न' हा अडचण आली तरी न सुटणारा कामाचा बोजा आहे. एकच क्रियापद एकाला बाहेर पडायचे दार वाटले, दुसऱ्याने त्याचाच उंबरठा केला, ज्याच्या खाली सरकारला उतरता येऊ नये.

सरकारे उतरली, ही गोष्ट वेगळी. प्राथमिक शिक्षणाचे कलम याला साक्षी आहे. मसुद्यात प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्कदार आहे, असे शब्द होते. मार्गदर्शक तत्त्वांत हक्काची भाषा बसत नाही म्हणून २३ नोव्हेंबर १९४८ ला ते गाळण्याची दुरुस्ती आली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. चौदा वर्षांची वयोमर्यादा मात्र त्यांनी ढळू दिली नाही; चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात पाठवता येणार नसेल तर त्या वयापर्यंत ते शाळेतच असले पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. अनुच्छेद ४५ मध्ये राज्याचा 'प्रयत्न' उरला, पण दहा वर्षांच्या मुदतीसह. मुदत १९६० साली संपली. हक्क संविधानाच्या मजकुरात यायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती लागली, कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० ला लागू झाला. मी मालवणीच्या शाळेत पाटी घेऊन गेले तेव्हा त्या मजकुरात माझे शिक्षण हा हक्क नव्हता, राज्याचा प्रयत्न होता, तोही मुदत उलटून गेलेला. तरी त्या 'दहा वर्षां'चा उपयोग झाला. त्यांच्या आधारावर पुढच्या पिढ्यांनी संसदेत आणि न्यायालयात विचारले की मुदत कधीच संपली, त्याचे काय. 'यथावकाश' लिहिले असते तर हे विचारता आले नसते.

हे सगळे मी शेजाऱ्याच्या घरातले मोजून दाखवले. आपल्या मंचाचे काय? जागावाटपाच्या मोसमात आपल्या नेत्यांच्या तोंडी 'सन्मानजनक जागा' हा शब्द असतो. किती जागांना सन्मान म्हणायचे, हे त्यातून कधी कळत नाही, आणि ज्यांच्याशी बोलणी चालू असतात त्यांना तर ते कळू नये अशीच ती रचना असते. 'समाजाच्या हिताचा निर्णय घेऊ', 'योग्य वेळी भूमिका जाहीर करू.' नामांतराच्या काळात ज्या 'योग्य वेळे'वर आपण थुंकलो, ती आता आपल्याच भाषणात पाहुणी म्हणून बसली आहे. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्म सोडण्याचे जाहीर केले. कोणता धर्म घेणार हे त्यांनी तेव्हा सांगितले नाही, १९३६ च्या मुंबईच्या महार परिषदेतही त्याचे नाव घेतले नाही. पण काय ठरले आहे आणि काय ठरायचे आहे यांची त्यांनी गल्लत केली नाही. जे ठरले त्याला कुंपण नव्हते. आजच्या आपल्या सभेत नेमके उलटे दिसते: जे ठरायचे आहे त्याबद्दल गर्जना आणि जे मागच्या दाराने ठरून गेले त्याबद्दल 'योग्य वेळी'.

पँथरच्या पहिल्या वर्षांतल्या भाषणांची आठवण सांगणारे लोक त्या काळच्या रोखठोक शब्दांवर अजून खूश असतात. मीही आहे. पण ती भाषणे उतरवून ठेवणारे फार थोडे निघाले, आणि आज मला मुलांना ती वर्गात वाचायला द्यायची तर आठवणींवर भागवावे लागते. कवितेचे संग्रह झाले, भाषणांचे झाले नाहीत. ज्यांनी ती ऐकली ते आज सत्तरीच्या पलीकडे आहेत. त्यांच्याकडे बसून हे काम आताच करावे लागेल.

आमच्याकडचे पुढचे काम ठरले आहे. येत्या १४ एप्रिलला मालवणीत आपले मंच लागतील, आणि माझी मुले तेच तीन रकाने आखून त्यांच्यासमोर बसणार आहेत. यंदा वक्त्याचे नावही लिहा असे मी त्यांना सांगितले आहे. एका मुलाने विचारले, बाई, आपल्याच माणसांचे? मी हो म्हटले. तो पुढे म्हणाला की त्याचे वडील जयंती समितीत आहेत आणि सूत्रसंचालन तेच करतात. मी म्हटले, मग त्यांच्यापासूनच सुरू कर.